आधी प्रशिक्षक, मग ट्रॅक

मार्च महिन्यात आपल्या विद्यापीठांच्या अधिसभांपुढे अर्थसंकल्प येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याची चौकट छापून येते: परीक्षा विभागाचं संगणकीकरण, वसतिगृहांची दुरुस्ती, सौर पॅनेल आणि क्रीडा. क्रीडेच्या पुढे काय असणार हे न वाचताही सांगता येतं. सिंथेटिक ट्रॅक, बहुउद्देशीय सभागृह, जलतरण तलाव, नाहीतर अर्धवट राहिलेल्या संकुलाचा पुढचा टप्पा. 'अमुक खेळासाठी पूर्णवेळ प्रशिक्षक' अशी तरतूद त्या चौकटीत मी तरी वाचलेली नाही.

सार्वजनिक विद्यापीठांनी खेळात पैसा घालावा, भरपूर घालावा, या मताचा मी आहे. पण तो ज्या क्रमाने घातला जातो तो क्रम उलटा आहे. पहिला रुपया माणसावर जायला हवा: क्रीडा संचालकावर, प्रशिक्षकावर, मैदान राखणाऱ्यावर. ट्रॅक, संकुल, तलाव हे सगळं त्या माणसांनी मागितल्यावर, त्यांनी सांगितलेल्या मापाने बांधावं. आपल्याकडे आधी संकुल उभं राहतं आणि मग त्याची चावी कुणाकडे ठेवायची यावर बैठक होते.

हा कुणाचा मूर्खपणा आहे असं मी म्हणणार नाही. हिशेबाची रचनाच तशी आहे. बांधकाम हा भांडवली खर्च. तो एकदाच होतो, त्याला विद्यापीठाचा स्वतःचा निधी चालतो, केंद्राची योजना चालते, जिल्हा नियोजनातून हातभार लागतो. पदनिर्मिती म्हणजे मात्र डोकेदुखी. मंजूर पदांच्या आकृतिबंधात पद बसवा, उच्च शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवा, तिथून वित्त विभागाची हरकत, मग त्रुटींची पूर्तता, मग निवडणुकीची आचारसंहिता. तोवर प्रस्ताव पाठवणारे कुलगुरू निवृत्त होतात. शिवाय संकुलाच्या कोनशिलेवर पाहुण्यांची आणि व्यवस्थापन परिषदेच्या सदस्यांची नावं कोरली जातात. लांब उडीच्या प्रशिक्षकाची नेमणूक झाली म्हणून कुणी फीत कापत नाही.

सिंथेटिक ट्रॅक जवळून पाहिला की हा क्रम का चुकतो ते लगेच कळतं. चारशे मीटरचा ट्रॅक, आठ लेन, प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद. खाली खडी-डांबराचा पाया आणि वर रबर-पॉलियुरेथेनचा साधारण १३ मिलिमीटरचा थर. खर्च कोटींमध्ये. आणि नीट वापरला तरी आठ-दहा वर्षांनी वरचा थर नव्याने घालावा लागतो. नीट न वापरला तर? सगळ्यात आधी पहिली लेन झिजते, कारण ज्याला त्याला आतूनच पळायचं असतं. सकाळी फिरायला येणारी मंडळीही तिथूनच फिरतात. सराव करणाऱ्यांनी वॉर्मअप बाहेरच्या लेनमधून करावा आणि पहिली लेन वेळ लावून धावणाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी, हा साधा शिरस्ता आहे. पण तो रोज पहाटे साडेपाचला तिथे उभं राहून सांगणारं कुणीतरी लागतं. कडेच्या गटारात पालापाचोळा अडकला की पावसाचं पाणी थराखाली शिरतं, फुगे येतात, फुगे फुटले की खपल्या निघतात. गटार साफ करायला दिवसभराची मजुरी लागते, खपल्या बुजवायला निविदा. त्यातच एखाद्या कार्यक्रमासाठी ट्रॅकवरून मांडवाचे खांब आणि खुर्च्यांचा टेम्पो जातो. ते थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस तिथे नसतो, किंवा असतो तो प्रभारी.

प्रभारी हा आपल्या विद्यापीठांतला सगळ्यात स्थिर हुद्दा आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये क्रीडा व शारीरिक शिक्षण संचालक हा विद्यापीठाचा अधिकारी मानलेला आहे. कुलसचिव, वित्त व लेखा अधिकारी यांच्याच यादीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत या संवर्गाची पात्रता वाचण्यासारखी आहे. वरच्या पदांसाठी पीएचडी आणि अनुभव तर हवाच, पण उमेदवाराने चांगली कामगिरी करणारे संघ किंवा खेळाडू घडवल्याचा पुरावाही हवा. आणि शारीरिक क्षमता चाचणी आहे: तिशीपर्यंतच्या पुरुषाने बारा मिनिटांत १८०० मीटर, महिलेने आठ मिनिटांत १००० मीटर अंतर कापायचं, वय वाढेल तसं अंतर कमी. नेमणुकीआधी उमेदवाराला पळायला लावणारं दुसरं पद विद्यापीठात नसावं. (कुलगुरूंसाठीही अशी चाचणी ठेवावी असं कधीकधी वाटतं, पण ते असो.)

म्हणजे नियम करणाऱ्यांना नेमका कसला माणूस हवा हे कळलेलं होतं. मग त्या माणसाला आपण काम काय देतो? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक, विभागीय, मग आंतरविभागीय, पात्रता अर्जांवर प्राचार्यांच्या सह्या आणि शिक्के, जन्मतारखेचे दाखले, संघाचं रेल्वे आरक्षण, प्रवासभत्त्याची बिलं, बिलांवरच्या लेखापरीक्षणाच्या हरकती. ट्रॅकसूट खरेदीची फाईल जुलैत निघते आणि कपडे कधीकधी स्पर्धा संपवून संघ परत आल्यावर पोहोचतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेआधी काही दिवसांचं सराव शिबिर लागतं, त्यासाठी रोजंदारीवर प्रशिक्षक बोलावला जातो आणि शिबिर संपलं की त्याचा-संघाचा संबंध संपतो. थोड्या दिवसांत प्रशिक्षक फारतर कोण कुठे उभा राहील एवढं ठरवू शकतो. ज्याने खेळाडू घडवल्याचा पुरावा आपण मागितला, त्याला नेमल्यावर नवा खेळाडू घडवायला आपण एक तास मोकळा ठेवत नाही.

एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजची स्टोअररूम मला एकदा उघडून दाखवली होती. कोपऱ्यात भाले उभे होते, पुरुषांचे ८०० ग्रॅमचे आणि महिलांचे ६०० ग्रॅमचे, प्लॅस्टिकचं वेष्टन तसंच. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद चोख, सही-शिक्क्यासह. खरेदी नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती यायच्या आधी झाली होती. वापर का नाही, तर फेक शिकवणारं कुणी नाही, आणि मैदानाला लागून रस्ता. उद्या कुणाला लागलं तर जबाबदारी कोण घेणार? दाखवणारे सर प्रामाणिक होते. त्यांचा विषय मराठी होता आणि क्रीडा विभागाचा कार्यभार त्यांच्याकडे 'अतिरिक्त' होता.

आता उलट बाजूचं एक उदाहरण. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकारात महिलांचं सुवर्ण साताऱ्याच्या अदिती स्वामीने जिंकलं आणि पुरुषांचं नागपूरच्या ओजस देवतळेने. दोघांचे प्रशिक्षक एकच, प्रवीण सावंत. पेशाने पोलीस. त्यांची अकादमी साताऱ्यात उसाच्या शेतात उभी राहिलेली. ओजस नागपूर सोडून तिथे आला तो कुठल्या संकुलासाठी आला नाही. नागपुरात काय इमारती कमी आहेत? तो माणसासाठी आला. नाशिकची गोष्टही याच जातीची आहे. साईचे (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे) प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर मुलामुलींना पळवलं, आणि त्यातून सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. त्याच नाशिकच्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्य मिळवलं. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं तेव्हा पेपरांनी त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांचं नाव बातमीत घेतलं. त्या स्वतः अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या. रेंज कुठल्या कंत्राटदाराने बांधली हे कुणी विचारलं नाही.

यावर कुणी म्हणेल, मग हे सगळं विद्यापीठाबाहेरच होतंय, तर विद्यापीठाने या भानगडीत पडावंच कशाला? साई आहे, क्रीडा प्रबोधिनी आहे, लष्कर आहे, रेल्वे आहे. प्रश्न रास्त आहे. पण बारावीनंतर काय होतं ते बघा. शाळेत जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळलेली मुलं कॉलेजात येतात आणि गायब होतात. प्रबोधिनीत किंवा लष्कराच्या एखाद्या केंद्रात जी शिरली ती वाचतात, बाकीची पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरपुरती पळतात. या वयातली पोरं ज्या एका संस्थेच्या पटावर सगळीच्या सगळी असतात ती संस्था म्हणजे विद्यापीठ. आणि प्रवेश घेताना प्रत्येक जण क्रीडा शुल्क भरतो. न खेळणाराही भरतो.

पंजाबने हे आपल्या आधी ओळखलं. आंतरविद्यापीठ खेळांतल्या एकूण कामगिरीसाठी १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी दिली जाते. अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने ती वीसपेक्षा अधिक वेळा नेली आहे. उरलेल्या वर्षांत पटियालाचं पंजाबी विद्यापीठ आणि चंडीगडचं पंजाब विद्यापीठ वरचेवर दिसतात. ही काही श्रीमंत विद्यापीठं नव्हेत. पटियालाच्या विद्यापीठाची आर्थिक ओढाताण तर जगजाहीर आहे. पटियालात १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, प्रशिक्षक तयार करणारी. त्या परिसरात प्रशिक्षक हा पेशा म्हणून रुजला आणि विद्यापीठांनी त्याचा लाभ उठवला. आता मात्र पट बदललाय. २०२४ ची ट्रॉफी चंडीगड युनिव्हर्सिटीने नेली, म्हणजे खाजगी विद्यापीठाने. दुसरं आलं जालंधरजवळच्या फगवाड्याचं लव्हली प्रोफेशनल, तेही खाजगी. गुरु नानक देव तिसरं. खाजगी विद्यापीठं पदक मिळवणाऱ्या मुलाला फी माफ करतात, राहणं-खाणं देतात आणि त्याला बोलावताना आधी प्रशिक्षकाचं नाव सांगतात. जाहिरातीसाठी करत असतील, करोत. आपल्याकडचा चांगला धावपटू तिकडे गेला तर त्याला दोष कसा द्यायचा?

आणि आपण काही अगदीच टाकाऊ नव्हतो. २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या, त्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ पदकतालिकेत दुसरं आलं होतं, पंजाब विद्यापीठाच्या मागे. म्हणजे पोरं आहेत, कॉलेजं आहेत, अश्वमेधसारखी राज्यातल्या विद्यापीठांची स्वतःची स्पर्धा आहे. ही कामगिरी टिकवायला जी माणसं लागतात त्यांचा विषय निघाला की मात्र सगळे छताकडे बघतात. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदाही केला. त्यावर वाद पेटला तो ते पुण्यात व्हावं की औरंगाबादेत. तिथे शिकवणार कोण, यावरून दोन शहरं भांडल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप प्राध्यापक मंडळींचा आहे, आणि तो मला हसण्यावारी नेता येत नाही. विभागात अध्यापकांच्या निम्म्या जागा रिकाम्या असताना खो-खोच्या प्रशिक्षकासाठी पद मागायचं? इथे अमेरिकेचं उदाहरण नेहमी दिलं जातं, दोन्ही बाजूंनी. मुलांना एमएसला पाठवणारे आपले लोक तिथली स्टेडियम बघून भारावून येतात आणि 'आपल्याकडे का नाही' म्हणतात. त्यांनी पेन्सिल्व्हेनियाचं बघावं. पेन स्टेट या राज्याच्या मदतीवर चालणाऱ्या विद्यापीठाच्या विश्वस्तांनी २०२४ मध्ये बीव्हर स्टेडियमच्या नूतनीकरणाला ७० कोटी डॉलरपर्यंतचा खर्च मंजूर केला. त्याच विश्वस्तांनी मे २०२५ मध्ये राज्यातले आपले सात छोटे कॅम्पस २०२७ च्या उन्हाळ्याआधी बंद करायचं ठरवलं, विद्यार्थी घटले आणि परवडत नाही म्हणून. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकन फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, तेव्हा करारानुसार भरपाईचा आकडा होता पाच कोटी डॉलरच्या आसपास. (त्यांनी दुसरीकडे नोकरी धरल्यावर तो बराच खाली आला.) टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये आपल्या प्रशिक्षकाला घरी पाठवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम कबूल केली. विद्यापीठ सांगतं की खेळाचा पैसा तिकिटं, टीव्ही आणि देणगीदारांकडून येतो, वर्गाचा त्याच्याशी संबंध नाही. हिशेबाच्या वहीत ते खरंही असेल. बंद होणाऱ्या कॅम्पसच्या गावातल्या माणसाला ते पटवून दाखवा.

तेव्हा 'पहिला रुपया माणसावर' म्हणजे एखादा नामवंत चेहरा मोठ्या पगारावर आणून बसवणं असा अर्थ मी लावत नाही. मला हवा असलेला खर्च त्या मानाने चिल्लर आहे. एका सिंथेटिक ट्रॅकच्या पैशात पाच-सहा प्रशिक्षकांचे सहायक प्राध्यापकाच्या तोडीचे पगार कित्येक वर्षं निघतात. अध्यापकांच्या जागांशी त्याची स्पर्धाच नाही. स्पर्धा आहे ती सिमेंटशी. ज्या संकुलाला अधिसभेत टाळ्या पडतात त्याच लेखाशीर्षातून हे पैसे काढा, इतिहास किंवा रसायनशास्त्राला हात लावू नका.

सुविधा नकोतच असं मात्र कुणी यातून वाचू नये. हव्यात. पण कुठल्या? खेळणाऱ्या मुलींना विचारा. त्या जलतरण तलाव मागत नाहीत. मैदानाजवळ कडी लागणारं स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली मागतात. संध्याकाळी सराव संपल्यावर मैदान ते वसतिगृह या रस्त्यावर दिवे मागतात. वसतिगृहाच्या मेसमध्ये चारशे मीटर धावणारीचं ताट आणि बाकीच्यांचं ताट एकच असतं. तिला वर दोन अंडी आणि दूध मिळावं म्हणून कुठल्या खात्यातून खर्च टाकायचा यावर फाईल फिरते. गावाहून येणारीला सकाळच्या एसटीने सात वाजता मैदानावर पोहोचायचं आणि साडेनऊच्या प्रॅक्टिकलला बसायचं असतं. पंचाहत्तर टक्के हजेरीचं काय, हे ठरवायला तिच्या बाजूने विभागप्रमुखाशी भांडणारा कुणीतरी लागतो. हे भांडण प्रभारी माणूस करत नाही. त्याला स्वतःच्या विभागात परत जायचं असतं.

सगळ्याच खेळांचा हट्टही सोडावा लागेल. प्रत्येक विद्यापीठाने डझनावारी खेळांचे संघ पाठवायचे आणि बहुतेक पहिल्या फेरीत परतायचे, यात प्रवासभत्ता तेवढा खर्च होतो. कोल्हापूरने कुस्ती आणि फुटबॉल धरावा, तिथे तालमी आणि पेठा आधीच अर्धं काम करतात. अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४ पासूनची संस्था आहे, विद्यापीठाने तिच्याशी जोडून घ्यावं. प्रत्येकाने दोन-तीन खेळ निवडून त्यांना कायमचे प्रशिक्षक द्यावेत आणि उरलेल्या खेळांत मुलांनी हौसेने खेळावं. हौसेचा खेळही विद्यापीठाने सांभाळायचा असतो, पण त्याला पदकाची भाषा चिकटवू नये. आणि ट्रॅक घालायचाच असेल तर निविदा काढण्याआधी पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम बाजूला ठेवल्याचा ठराव व्यवस्थापन परिषदेने करावा. तेवढी ऐपत नसेल तर मातीचा ट्रॅक उत्तम राखावा. चांगल्या मुरमाच्या ट्रॅकवर धावून कुणाचं वाईट झालेलं नाही.

१९५२ ला हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले त्याचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आता खाशाबांच्या नावाने पुणे विद्यापीठात क्रीडा संकुल आहे, त्यांच्या जन्मदिवशी १५ जानेवारीला राज्य क्रीडा दिन असतो. खर्डेकरांच्या नावाचं पद कुठे असेल तर मला ते बघायला आवडेल. आजच्या प्राचार्याने घर गहाण ठेवावं अशी कुणाची अपेक्षा नाही. आपल्या पटावरच्या कुठल्या मुलामध्ये दम आहे हे त्याला माहीत असावं आणि त्याच्यासाठी खर्च करायला त्याच्या सहीला किंमत असावी, इतकंच.

घाईचं कारण वयाचं आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमाने आंतरविद्यापीठ स्पर्धेत १७ ते २५ या वयातल्या विद्यार्थ्यालाच खेळता येतं. प्रत्यक्षात बहुतेकांना पदवीची तीन वर्षं मिळतात, फारतर पुढची दोन. जूनमध्ये प्रथम वर्षाला आलेली मुलगी पहिल्या वर्षी वाट चुकते, दुसऱ्या वर्षी संघात येते, तिसऱ्या वर्षी तिच्याकडून काही अपेक्षा करता येते. क्रीडा संकुलाचा आराखडा, मंजुरी, निविदा, फेरनिविदा आणि पहिला टप्पा यांना याहून जास्त वेळ लागतो. प्रशिक्षक मात्र पुढच्या जूनमध्ये मैदानावर उभा राहू शकतो, आहे त्या मैदानावर, विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून. त्यासाठी व्यवस्थापन परिषदेच्या एका बैठकीत विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा लागेल.